गुन्हा एकाचा, बंदी अख्ख्या संघावर? खेळातली ही शिक्षा नेमकी चालते कशी

शहापूर-मुरबाडकडे कबड्डीचे सामने लागले की आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं लोटतात. संघ कॉलेजचा असो की मंडळाचा, त्याच्यामागे गावाचं नाव असतं. म्हणूनच एक प्रश्न अवघड होऊन बसतो. संघाच्या प्रशिक्षकाने किंवा पदाधिकाऱ्याने गुन्हा केला, तर त्याला पोलीस पकडतील, हे ठीक. पण खेळाच्या संघटनेने त्या कॉलेजला किंवा संघाला वेगळी शिक्षा करावी का? ज्या पोरांनी काहीच केलं नाही, त्यांचं वर्ष का वाया घालवायचं?

आपल्या सगळ्यांना आठवेल असं उदाहरण आयपीएलचं. मे २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांनी मुंबईत राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून अटक केली: श्रीसंत, अजित चंडिला आणि आपला मुंबईकर अंकित चव्हाण. त्यांना मोक्काही लावला. पाठोपाठ चेन्नई सुपर किंग्जचे गुरुनाथ मय्यपन यांना सट्टेबाजीच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केली.

पुढे सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने १४ जुलै २०१५ ला निकाल दिला. मय्यपन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांना क्रिकेटच्या कारभारातून कायमचं बाहेर केलं आणि दोन्ही संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले. अकराच दिवसांनी, २५ जुलैला, दिल्लीच्या कोर्टाने तिन्ही खेळाडूंना आरोपातून मोकळं केलं.

मग कोर्टाने सोडलं तरी बोर्डाची बंदी राहते कशी? अनेकांचा इथेच गोंधळ होतो. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कारण तिथे माणसाला तुरुंगात टाकायचं असतं. खेळाची संघटना तुरुंगात टाकत नाही, ती फक्त ‘आमच्या मैदानावर येऊ नको’ म्हणते. तिला त्यापेक्षा कमी पुरावा चालतो. त्यामुळे कोर्टाने सोडल्यावरही खेळाडूंवरची आजन्म बंदी लगेच उठली नाही. श्रीसंतच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं, तेव्हा ती सात वर्षांवर आली. अंकित चव्हाणची शिक्षा सात वर्षांवर यायला २०२१ उजाडलं.

आता त्या दोन संघांचे बाकीचे खेळाडू बघा. संघ बंद झाले, पण ते घरी बसले नाहीत. त्यांच्या जागी पुणे आणि गुजरात असे दोन नवे संघ उभे केले आणि खेळाडूंना दुसरीकडे खेळायची वाट मोकळी ठेवली. धोनी तेव्हाच पुण्याकडून खेळला. शिक्षा मालकाच्या खिशाला आणि नावाला बसली, पोरांच्या पोटाला नाही. (चेन्नईने परत येऊन २०१८ चा चषकही जिंकला, म्हणजे संघ काही कायमचा मेला नाही.)

कॉलेजच्या खेळात या प्रश्नावर सगळ्यात मोठा वाद अमेरिकेत झाला. पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की मुलांवर वर्षानुवर्षं अत्याचार करत होता. २००१ मध्ये संघातल्याच एका माणसाने त्याला विद्यापीठाच्या न्हाणीघरात एका मुलासोबत पाहिलं आणि मुख्य प्रशिक्षकाला सांगितलं. गोष्ट वरच्या साहेबांपर्यंत गेली, पण पोलिसांकडे कोणी गेलं नाही. सँडस्कीला अटक झाली थेट २०११ मध्ये. मधली दहा वर्षं त्याला मोकळं रान.

जून २०१२ मध्ये ज्युरीने त्याला ४५ आरोपांत दोषी ठरवलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने विद्यापीठाला ६ कोटी डॉलरचा दंड केला, मोसमानंतरच्या मोठ्या सामन्यांवर चार वर्षांची बंदी घातली, खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या कापल्या आणि १९९८ पासूनचे विजय पुसून टाकले. लोक दोन बाजूंना झाले. एक म्हणाले, हे पोलीस-कोर्टाचं काम, खेळाच्या संघटनेचा संबंध काय? दुसरे म्हणाले, संघाचं नाव वाचवायलाच तर सगळं झाकलं, मग संघाला हात का लावायचा नाही? शेवटी सामन्यांची बंदी २०१४ मध्येच उठली आणि पुसलेले विजय २०१५ मध्ये परत दिले. दंडाचा पैसा मात्र मुलांच्या सुरक्षेच्या कामाला राहिला. गोष्ट दाबणाऱ्या तीन बड्या अधिकाऱ्यांना, त्यात विद्यापीठाचे अध्यक्षही आले, कोर्टाने वेगळी शिक्षा केली.

मला त्यातला दंड पटतो, विजय पुसणं पटत नाही. ते सामने ज्यांनी घाम गाळून जिंकले, त्यांनी काहीच लपवलं नव्हतं.

आपल्या देशात कुस्तीचं प्रकरण ताजं आहे. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला पैलवानांनी लैंगिक छळाचे आरोप केले, एप्रिल २०२३ मध्ये गुन्हे नोंदले गेले. सिंह आरोप नाकारतात. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं पॉक्सो प्रकरण मे २०२५ मध्ये कोर्टाने बंद केलं, बाकी तक्रारींवर २०२४ मध्ये आरोप निश्चित झाले. जागतिक संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या महासंघाला निलंबित केलं खरं, पण कारण दिलं वेळेत निवडणूक न घेतल्याचं. पुढच्याच महिन्यात जागतिक स्पर्धेत अंतिम पंघाल या पोरीने कांस्यपदक जिंकलं, पण तिला तिरंग्याखाली खेळता आलं नाही. खुर्चीच्या भांडणाची किंमत तिने मोजली.

आपल्या पोरांना असाच फटका दुसऱ्या वाटेने बसतो, तो म्हणजे प्रमाणपत्र. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं लागतं आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी होते. संघटनेची मान्यता गेली की त्या काळात खेळलेल्या पोराचा कागद अडकू शकतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून संस्थेला शिक्षा करताना निर्दोष खेळाडूला दुसऱ्या संघातून खेळायची आणि त्याचा कागद वैध राहायची सोय त्याच आदेशात हवी. ती नसेल तर शिक्षा भलत्यालाच होते.

आणि संस्थेला शिक्षा कधी? माझ्या मते एका माणसाने गुन्हा केला एवढ्यावर नाही. संस्थेला कळलं आणि ती गप्प बसली, तेव्हा. आपल्याकडे असं प्रकरण ‘गावकीत मिटवू’, ‘पोरीचं नाव खराब होईल’, ‘फायनल होऊन जाऊ दे’ असं म्हणत दाबलं जातं. पण मूल १८ वर्षांखालचं असेल तर असं मिटवणं हाच गुन्हा आहे. पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. हे शाळा, आश्रमशाळा, कॉलेज, अकादमी, सगळ्यांना लागू आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये देशात राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचं धोरण आणि खेळातल्या वादांसाठी वेगळं न्यायाधिकरण अशा तरतुदी त्यात आहेत. पण न्यायाधिकरण दिल्लीत आणि आपलं पोरगं संघाबरोबर टेम्पोतून परगावी सामन्याला निघालेलं. त्यामुळे सोबत कोण जातंय, मुक्काम कुठे आहे, मुलींच्या संघाबरोबर बाई शिक्षिका आहे का, हे पालकांनी निघण्याआधी विचारावं. तक्रार असेल तर आधी पोलीस ठाणे, किंवा ११२, मुलांसाठी १०९८. कॉलेजला आणि संघटनेला लेखी अर्ज त्यानंतर द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. संस्थेला कधी कळलं होतं, हे पुढे त्याच पोचेवरून ठरतं.