सद्गुणांवर पोसणारा मोह

आत्मगौरवाचा मोह माणसाच्या चांगुलपणावरच वाढतो, हे चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांना अनुभवाने कळले. खादाडपणा उपवासाने आटोक्यात येतो, पैशाची हाव दानाने. पण उपवास करणाऱ्याला उपवासाचा अभिमान वाटू लागतो आणि त्याने तो लोकांपासून लपवला, तर लपवल्याचा. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, हाही खोटे बोलत नाही. तो खरोखरच उपवास करतो, दशांश देतो, देवाचे आभारही मानतो. मात्र आभार मानताना त्याचे लक्ष मागे उभ्या असलेल्या, पापी समजल्या जाणाऱ्या जकातदाराकडे असते.

या अनुभवाची पहिली नीट मांडणी इव्हाग्रियसने केली (सु. 345–399). पाँटस प्रांतात जन्मलेला हा विद्वान राजधानी कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये डीकन (धर्मगुरूंचा साहाय्यक) होता आणि धर्मविषयक वादांत त्याचे मोठे नाव होते. एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतल्यावर त्याने राजधानी सोडली. जेरुसलेममध्ये त्याने दीर्घ आजार काढला आणि 383 च्या सुमारास तो इजिप्तला गेला, तो कायमचाच. साधकाला छळणारे आठ दुर्विचार त्याने क्रमवार सांगितले. त्यांतले शेवटचे दोन म्हणजे लोकांच्या वाहवेची ओढ आणि गर्व. पहिल्यात माणसाला इतरांची दाद हवी असते. दुसऱ्यात त्याला देवाचीही गरज वाटेनाशी होते. एकांतातल्या संन्याशाच्या मनात काय काय चालते, हे इव्हाग्रियस फार नेमके टिपतो. आपल्या हातून रोगी बरे होत आहेत, दारात लोकांची रीघ लागली आहे, आपण नको म्हणत असताना लोक आपल्याला बांधून धर्मगुरुपदासाठी ओढून नेत आहेत, अशी चित्रे तो संन्यासी रंगवत बसतो. त्या ‘नको’ म्हणण्यातच सगळा मोह साठलेला आहे.

इजिप्तमध्ये राहून आलेला जॉन कॅसियन पुढे मार्सेय येथे स्थायिक झाला. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या ग्रंथात त्याने या मोहाला कांद्याची उपमा दिली: एक पापुद्रा काढावा, तर खाली दुसरा असतोच. त्याने सांगितलेला एक प्रसंग असा. स्केटिसच्या वाळवंटातला एक वृद्ध संन्यासी एका बंधूच्या खोलीपाशी आला. आतून पुटपुटणे ऐकू आले. शास्त्रपठण चालले असेल, म्हणून तो दाराशी थांबला. पण आतला तरुण भरलेल्या मंदिरात प्रवचन देत असल्याची कल्पना करत होता. प्रवचन आटोपून त्याने डीकनच्या थाटात बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर जाण्याची सूचनाही दिली. दार उघडताच तरुणाने शरमून विचारले, आपण केव्हा आलात? वृद्ध म्हणाला, तुम्ही निरोपाची सूचना देत होता, तेव्हाच.

नम्रता प्रयत्नाने कमवायची, तर ती कमावल्याचा अभिमान कसा टाळायचा? हा पेच देवाच्या कृपेच्या, म्हणजे माणसाला न कमावता मिळणाऱ्या दानाच्या, सिद्धान्तापाशी येऊन ठेपतो. रोममधील ख्रिस्ती समाजाचा सैलपणा पाहून पेलॅजियस हा धर्मशिक्षक अस्वस्थ झाला होता. देवाने आज्ञा दिल्या, म्हणजे त्या पाळण्याची शक्ती माणसात आहे, असे तो शिकवी. त्याची नैतिक तळमळ खरी होती, हे मान्य करायला हवे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354–430) याने मात्र पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रश्न पुढे ठेवला: जे मिळालेले नाही, असे माणसाजवळ काय आहे? 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलॅजियसची शिकवण नाकारली. 529 मध्ये ओरांज येथील परिषदेने आणखी एक पाऊल टाकले. माणूस नम्र झाला म्हणून कृपा मिळते, हे मत तिने फेटाळले. माणूस नम्र होतो, तेच कृपेचे दान आहे, असे तिने ठरवले. स्वतःच्या नम्रतेवर खूश होण्याची वाट इथे मुळातच बंद होते.

त्याच शतकात इटलीत बेनेडिक्ट या मठाधिपतीने मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत, पण या शिकवणीचा रोजचा व्यवहार पाहायला इतर प्रकरणे वाचावी लागतात. स्वयंपाकघरातली आठवड्याची पाळी संपवणारा आणि नवी पाळी घेणारा, दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. कारागिरांविषयीचे 57 वे प्रकरण तर फार कठोर आहे. आपल्या कसबामुळे मठाला फायदा होतो, असे वाटून एखादा कारागीर फुशारू लागला, तर त्याच्याकडून ते काम काढून घ्यायचे. तो नम्र झाला आणि मठाधिपतीने सांगितले, तरच ते पुन्हा त्याच्या हाती द्यायचे. मठातल्या वस्तू विकताना किंमतही बाहेरच्यापेक्षा थोडी कमीच ठेवायची.