खुबा बदलला, दुखणे गेले. मग एक्स-रे कशाला?

"अब्बांचा खुबा बदलून आठ वर्षं झाली. मस्त चालतात. आता कशाला डॉक्टर?" हे आपल्या बऱ्याच घरांत ऐकू येते. पण चालणे ठीक आहे म्हणून आतले हाडही ठीकच असेल, असे नाही.

हाड जिवंत असते. काही पेशी जुने हाड काढतात, काही नवे बांधतात. भार पडतो तिथे हाड भक्कम होते. भार कमी झाला की विरळ होते. जर्मन सर्जन युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम मांडला.

ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवतात. धातू हाडापेक्षा खूप ताठ. भार दांडाच उचलतो आणि खाली पोहोचवतो. वरच्या हाडाला काम कमी राहते, म्हणून ते पातळ होते. हा बदल मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत होतो आणि बहुधा तिथेच थांबतो.

दुसरा बदल जास्त काळजीचा. कृत्रिम सांध्यात गोळा वाटीत फिरतो. वाटी प्लास्टिकची असेल तर वर्षानुवर्षे घासून तिचे अतिसूक्ष्म कण सुटतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून सूज येते आणि हाड काढणाऱ्या पेशी चेकाळतात. हाडात पोकळ्या पडतात, सांधा सैल होऊ शकतो. इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांच्या सुरुवातीच्या टेफ्लॉनच्या वाट्या अशाच लवकर झिजल्या; १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीन वापरायला सुरुवात केली. आजचे सुधारित पॉलिथिलीन बरेच कमी झिजते, तरी झीज शून्य नाही.

मुद्दा हा की पोकळी मोठी होईपर्यंत बहुधा दुखतच नाही. दुखू लागते तेव्हा सांधा सैल झालेला किंवा हाड मोडलेले असू शकते. मग दुसरे ऑपरेशन अवघड, कारण नवा सांधा धरायला हाडच कमी उरते.

म्हणून सर्जनने दिलेल्या तारखांना एक्स-रे काढाच. ऑपरेशननंतरची पहिली फिल्म जपून ठेवा. बदल कळतो तो तिच्याशी ताडून पाहिल्यावरच. जांघेत किंवा मांडीत नवे दुखणे, लंगडणे, पाय आखूड वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून ठेवू नका. डॉक्टरांनी सांगितले तेवढे चालू द्या. हाडाला काम हवेच.