हैतीच्या बचावफळीची पाच वर्षे

हैतीच्या महिला फुटबॉलचा विषय निघाला की मेल्शी दुमोर्ने आठवते. गोल तिने केले, लिऑंसारख्या बड्या क्लबचे बोलावणेही तिलाच आले. पण २०१८ ते २०२३ या काळात हा संघ कुठून कुठे पोहोचला, हे तपासायचे तर स्वीकारलेल्या गोलांचा हिशेब मांडावा लागतो.

सुरुवात फ्रान्समधली. २०१८च्या २० वर्षांखालील विश्वचषकात हैतीच्या मुली प्रथमच उतरल्या. चीनकडून १-२, नायजेरियाकडून ०-१, जर्मनीकडून २-३. तिन्ही पराभव एकेका गोलाचे. संघ चिवट होता. पण तीन सामन्यांत सहा गोल स्वीकारावे लागले होते.

पुढची वर्षे मैदानाबाहेरच जड गेली. हैतीच्या फुटबॉल महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर खेळाडू मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले. फिफाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्यावर आजन्म बंदी घातली. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रीडा लवादाने पुरेशा पुराव्याअभावी ती उठवली. देशात टोळ्यांचा हैदोस सुरू होता. २०२१ नंतर राष्ट्रीय संघांना मायदेशी सामना खेळणेही अशक्य झाले.

जुलै २०२२ मध्ये मॉन्टेरेतल्या विश्वचषक पात्रता स्पर्धेत यजमान मेक्सिकोला ३-० असे गारद करणारा हैतीचा वरिष्ठ संघच अमेरिकेकडून ०-३ आणि जमैकाकडून ०-४ हरला. दोन सामन्यांत सात गोल! विश्वचषकाचे थेट तिकीट हुकले ते तिथेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये पात्रतेची शेवटची संधी मिळाली. सेनेगलवर ४-०, मग चिलीवर २-१. चिलीविरुद्धचे दोन्ही गोल दुमोर्नेचे, आणि विश्वचषकाचे तिकीट हाती आले.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या त्या विश्वचषकात उतरताना हैती जागतिक क्रमवारीत ५३वी होती, तर गटातला इंग्लंड चौथा. प्रशिक्षक निकोला देलेपिन यांच्या चमूच्या बचावफळीत चेल्सी सर्प्रिस, केथना लुई यांच्यासोबत फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत ब्रेस्टकडून खेळणारी टॅबिटा जोसेफ होती. वय अवघे १९.

ब्रिस्बेनला इंग्लंडच्या जॉर्जिया स्टॅनवेची पेनल्टी गोलरक्षक केर्ली तेयूसने अडवली. पण फटक्याआधीच तिने गोलरेषा सोडल्याचे व्हिडिओ पंचांना दिसले. पेनल्टी पुन्हा घेतली गेली आणि या वेळी चेंडू जाळ्यात गेला. सामना ०-१. अॅडलेडला चीनकडूनही ०-१, तोही गोल वांग शुआंगच्या पेनल्टीवर. पर्थला डेन्मार्ककडून ०-२. पहिला गोल पेर्निल हार्डरची पेनल्टी. दुसरा भरपाई वेळेच्या दहाव्या मिनिटाला, सगळा संघ बरोबरीसाठी पुढे सरसावलेला असताना.

म्हणजे तीन सामन्यांत गोल चार, त्यांतले तीन पेनल्टीवर. चालू खेळात हैतीचा बचाव भेदला गेला तो एकदाच, अगदी अखेरच्या घटकेला. वर्षभरापूर्वी जमैकाने एकाच सामन्यात चार गोल चढवले होते, हे लक्षात घेतले की या बचावपटूंनी काय कमावले ते कळते.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. हैतीला या विश्वचषकात एकही गोल करता आला नाही आणि गुणही शून्यच राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोर्टो रिकोकडूनही ०-१ हरल्याने गोल्ड कपची मुख्य स्पर्धाही हुकली. हैती मागे पडली ती गोल खाल्ल्यामुळे नव्हे, गोल न केल्यामुळे. बचावफळीने आपले काम चोख बजावले होते.