दवंड्याच्या डोंगरावर विमान का आदळले?

7 जुलै 1962. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून रोमला निघालेले अलितालियाचे डीसी-8 विमान बँकॉक सोडून मुंबईकडे येत होते. मुंबई अजून सुमारे 84 किलोमीटर दूर असताना ते जुन्नरजवळ दवंड्याच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून 3,600 फुटांच्या आसपास, आदळले. आतल्या 94 जणांपैकी एकही वाचला नाही. अशा अपघाताचा विषय निघाला की काही ठरावीक समजुती पुढे येतात. त्या मृतांविषयी आस्था असेल, तर त्या तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : आषाढातल्या पावसाने विमान पाडले.

पावसाळी ढगांनी डोंगर झाकला असेल, पण त्यांनी विमान पाडले नाही. चौकशीचा निष्कर्ष असा होता, की दिशादर्शनात चूक झाली, मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असे वैमानिकाला वाटले आणि तो वेळेआधी खाली उतरू लागला. जवळची दिशादर्शक साधने वापरून नेमके ठिकाण ताडून पाहिले गेले नाही, किमान सुरक्षित उंचीची मर्यादा मोडली गेली आणि या मुलखाची माहिती वैमानिकाला नव्हती, ही कारणेही नोंदवली गेली.

त्यातले शेवटचे कारण जुन्नर-आंबेगावच्या माणसाला चटकन कळेल. जुन्नर शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे 2,250 फुटांवर आहे. म्हणजे कॉकपिटमधला काटा 5,000 दाखवत असेल, तर गावाच्या डोक्यावर विमान जेमतेम पावणेतीन हजार फूट असते आणि पश्चिमेच्या डोंगरांवर तर फारच कमी. उत्तरेला कळसूबाई 5,400 फुटांवर उभी. पण घाटमाथा ओलांडून मुरबाडच्या बाजूला उतरले, की जमीन एकदम काही शे फुटांवर येते. सह्याद्रीच्या पलीकडे जी उंची निर्धोक, तीच अलीकडे जीवघेणी. मधले अंतर जेट विमान पाच-दहा मिनिटांत कापते.

गैरसमज : परवानगी दिली, म्हणजे खाली डोंगर नाही याची हमी नियंत्रकाने दिली.

सर्वांत घट्ट रुजलेली समजूत हीच. उतरण्याची परवानगी मिळाली म्हणजे मुख्यतः त्या वाटेत दुसरे विमान आडवे येणार नाही, याची व्यवस्था झाली. नियंत्रक रडारवर पाहून स्वतः दिशा देत असेल, तर डोंगराची काळजीही त्याच्याकडे येते; एरवी ती वैमानिकाची, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. रडार नसेल तिथे तर विमान कुठे आहे, हे नियंत्रकाला वैमानिकाच्याच तोंडून कळते. वैमानिकाने चुकीचे ठिकाण मनाशी धरले, की खाली नियंत्रक विमानाची नोंद ठेवतो त्या कागदी पट्टीवरही तीच चूक उतरते. दोघांचे बोलणे अगदी शिस्तीत चालू राहते आणि दोघेही एकाच चुकीच्या नकाशावर असतात.

परवानगीविषयीचा हा गैरसमज जुन्नरनंतर बारा वर्षांनी अमेरिकेत दिसला. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचे विमान डोंगरावर आदळून 92 जण गेले. उतरणीची परवानगी मिळताच वैमानिक 1,800 फुटांकडे निघाले. उंचीची बंधने नियंत्रक सांगेल, असे त्यांनी धरले होते. नियंत्रकाने ती जबाबदारी वैमानिकाची मानली. जुन्नरचा दोष एकट्या वैमानिकावर ठेवून थांबणे मला म्हणूनच अपुरे वाटते. चूक त्याची होतीच, पण ती पकडणारे दुसरे कोणी साखळीत होते का, हा प्रश्न उरतो.

गैरसमज : टॉवर सगळे पाहतो.

टॉवर पाहतो विमानतळाचा परिसर. त्याआधी विमान क्षेत्रीय नियंत्रणाकडे असते, मग ॲप्रोच म्हणजे उतरणीच्या कक्षाकडे, शेवटी टॉवरकडे. दर टप्प्याला पुढच्या कक्षाला विमानाची उंची आणि पोहोचण्याची वेळ कळवायची, त्याने होकार द्यायचा आणि मगच विमान सोपवायचे. आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचे नियंत्रण हवाई दलाकडे, तर मुंबईचे भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. पुण्याहून उडालेले नागरी विमान थोड्याच वेळात एका संस्थेकडून दुसरीकडे जाते. हा सांधा रोज नीट जुळतो तो ठरलेल्या लेखी पद्धतीमुळे आणि चालू फोनमुळे.

फोन बंद पडला तर काय होते, हे 1 जुलै 2002 रोजी जर्मनीतल्या उबरलिंगनवर दिसले. दोन विमाने एकमेकांची वाट छेदत येत होती. ती झुरिकच्या नियंत्रणाखाली होती आणि तिथे एकच नियंत्रक काम पाहत होता. शेजारच्या कार्ल्सरूहेच्या नियंत्रण कक्षाला धोका दिसला, त्यांनी झुरिकला वारंवार फोन केला; पण मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. परक्या हद्दीतल्या विमानाला थेट सूचना देणे त्यांच्या अधिकारात नव्हते. विमाने धडकली आणि 71 जण गेले, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती.

गैरसमज : आता यंत्रे आहेत, असे घडणारच नाही.

जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र अमेरिकेने त्या 1974 च्या अपघातानंतर मोठ्या विमानांना सक्तीचे केले. पुढे जमिनीचा नकाशा पोटात असलेली सुधारित यंत्रे आली आणि असे अपघात खूप कमी झाले. नियंत्रकाच्या रडारलाही विमान धोकादायक खाली आल्याचा इशारा देता येतो. मात्र 6 ऑगस्ट 1997 च्या पावसाळी रात्री गुआम बेटावर कोरियन एअरचे विमान टेकडीवर आदळले, तेव्हा हा जमिनीवरचा इशारा वाजलाच नाही. खोटे इशारे फार येतात म्हणून विमानतळाभोवतीच्या मोठ्या वर्तुळात तो आधीच बंद करून ठेवला होता. 228 जण गेले.