किती वेळ टिकली?

खो-खोमध्ये संरक्षणाला उतरलेला खेळाडू बहुतेक वेळा बाद होऊनच मैदानाबाहेर येतो. किती वेळाने बाद झाला, यावर त्याचा खेळ मोजतात. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला हा खेळ मिळाला, याचं मला फार समाधान आहे.

ती धाराशिवला किशोरी गटात खेळते. मी एसटीत वाहक. मुक्कामाची गाडी नसेल त्या संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा असतो. तिला भारताकडून खेळायचंय. इथल्या मुलींना हे स्वप्न हवेतलं वाटत नाही, कारण सारिका काळे याच जिल्ह्यातल्या. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं, २०२०चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा आमच्या घरात दिवाळी होती.

पण स्वप्न मोठं असलं म्हणून आत्मविश्वास येत नाही. गेल्या हंगामात जिल्ह्याच्या निवड चाचणीनंतर यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. रात्री ताटावर बसेना. म्हणाली, "पप्पा, मला खेळताच येत नाही." मी काही बोलणार, तेवढ्यात तिच्या आईनं तिची वही पुढं ठेवली. प्रशिक्षक सरांनी स्टॉपवॉचवर घेतलेल्या वेळा लेकीनं त्यात लिहून ठेवल्या होत्या. जूनमध्ये २५ सेकंद, दिवाळीनंतर ५०, पुढं १ मिनिट १० सेकंद. ती बराच वेळ पानं चाळत राहिली. मग म्हणाली, "खांबापाशी गेले की मी बाद होते."

"येतच नाही" म्हणणाऱ्या पोरीला काय शिकवणार? "खांबापाशी बाद होते" म्हणणारीला शिकवता येतं. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना हेच सांगितलं आणि खांबाजवळच्या हुलीचा सराव सुरू झाला.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. दोन टोकांच्या खांबांमधल्या पाटीवर आठ जणी आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय घेतलेली दिशा सोडून मागं वळता येत नाही. पळणाऱ्या मुलीला मात्र कुठूनही जायची मोकळीक. संरक्षक तिघी-तिघींच्या तुकडीनं उतरतात. पळणाऱ्या मुलीचं लक्ष आक्रमकाच्या खांद्यांवर आणि कान 'खो'च्या आवाजावर लागतात. म्हणूनच कडेला उभं राहून "पळ, पळ!" ओरडणाऱ्या पालकांचं मला वाईट वाटतं. बापाचा आवाज कानात शिरला की 'खो' ऐकू येत नाही. सूचना सरांनीच द्याव्यात.

पाहुणे विचारतात, यातून नोकरी लागेल का? राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खो-खोपटू आहेत. पण हा हिशेब मी लेकीसमोर मांडत नाही. तिच्या वयाला खांबाचा सराव पुरेसा आहे. "तूच सगळ्यात भारी" असंही म्हणत नाही. आपण किती सेकंद टिकलो हे तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक असतं, आणि खोटी स्तुती पोरांना लगेच कळते.

यंदाही ती चाचणीला उतरणार आहे. निवड होईलच असं नाही, हे तिला माहीत आहे.

तुमचं मूल हरून घरी आलं तर आधी त्याला जेवायला वाढा. मग आज काय जमलं आणि कुठं अडलं, एवढंच विचारा, आणि त्याला बोलू द्या.