कानांचा फलाट, डोळ्यांची गाडी

संध्याकाळच्या वेळचे डोंबिवली स्थानक डोळ्यांपुढे आणा. गाड्यांचे भोंगे आणि ध्वनिक्षेपकावरील सूचना यांच्या गोंगाटात शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येत नाही. पण दोन कर्णबधिर मुले समोरासमोरच्या फलाटांवरून हातांच्या खुणांनी खुशाल गप्पा मारू शकतात. शिवाय, बाजूने कोणी हलले तर ते त्यांच्या चटकन लक्षात येते. मग त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात काय?

नाही! नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील बारीक अक्षरे त्यांना आपल्याइतकीच दिसतात. फरक असतो तो कडेच्या नजरेत. १९८७ साली अमेरिकेत हेलन नेव्हिल यांनी असे दाखवून दिले, की जन्मतः बहिऱ्या व्यक्तींना नजरेच्या कडेला होणारी हालचाल अधिक चांगली टिपता येते. बहिऱ्या आईबापांकडून खुणांची भाषा शिकलेल्या, पण ऐकू येणाऱ्या माणसांत हा गुण तसा आढळला नाही. म्हणजे याचे कारण खुणांची भाषा नसून बहिरेपण हे होय.

असे का होते? एखाद्या मार्गावरील गाड्या बंद पडल्या, तर रिकामा फलाट दुसऱ्या मार्गाला देता येईल. मेंदूतही असेच घडते. आवाजाचे संदेश न मिळालेल्या श्रवणकेंद्राचा काही भाग दृष्टीच्या कामी लागतो. २०१० साली कॅनडातील संशोधकांनी बहिऱ्या मांजरांच्या श्रवणकेंद्राचा एक भाग थंड करून काही वेळ निष्क्रिय केला. तेव्हा त्यांची कडेची नजर साध्या मांजरांसारखीच झाली!

या माहितीचा आपल्याला उपयोग काय? वर्गात कर्णबधिर मुलाची नजर वारंवार दाराकडे वळली, तर 'याचे लक्षच नाही' असा ठपका ठेवू नये. बाजूची हालचालच त्याला खेचत असते. त्याला दारापासून दूर, पुढच्या बाकावर बसवावे.

मात्र कडेच्या नजरेलाही मर्यादा आहे. पाठीमागून येणारी गाडी तिला दिसत नाही. म्हणून ठाणे-कल्याण मार्गावर रूळ ओलांडणे सर्वांनाच धोक्याचे असले, तरी ज्याला भोंगा ऐकू येत नाही त्याला ते अधिकच. अशा मित्राला पुलावरूनच सोबत न्या. त्याच्याशी बोलताना त्याच्या समोर उभे राहा, आणि चार खुणा तुम्हीही शिकून घ्या.