चावी फिरवली तरी ट्रॅक्टर गप्प: सेफ्टी स्विचचा दोष कसा शोधायचा

मंडळी, आजचा विषय द्राक्षबागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर. साधारण 18 ते 28 एचपीचा. औषध कालवलंय, टाकी भरलीय, चावी फिरवली आणि काहीच नाही. मग शेजारचा म्हणतो, "सेफ्टी स्विच गेला असेल, डायरेक्ट करून टाक." या सल्ल्याबद्दलच आज बोलू.

चावीपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत एक बारीक वायर जाते. तिच्या वाटेत हे स्विच बसवलेले असतात. क्लच पेडलपाशी एक, काही मॉडेलमध्ये न्यूट्रलचा, पीटीओच्या दांड्यापाशी एक, काहींत सीटखालीही. तुमच्या गाडीत नेमके कोणते, ते पुस्तिकेत बघा. साधारणपणे ते एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एकाने जरी जोड दिला नाही तरी स्टार्टर फिरत नाही.

आता हत्यार घेण्याआधी नुसतं ऐका. चावी फिरवल्यावर स्टार्टरपाशी जोरात 'टक्' आवाज आला, पण इंजिन फिरलं नाही, तर स्विचच्या नादी लागू नका. वीज सगळे स्विच पार करून पोचलीय. बॅटरीचे टर्मिनल, अर्थची पट्टी, स्टार्टर तपासा. लाइट मंद होत असतील तर बहुधा बॅटरीच. लाइट लख्ख आणि स्टार्टर एकदम शांत, तेव्हा मात्र फ्यूज, रिले, चावीचा स्विच आणि हे सेफ्टी स्विच संशयित. इथेच लोक गोंधळतात आणि अर्धा दिवस चुकीच्या ठिकाणी खोलत बसतात.

आणि स्विच संशयित असला तरी बऱ्याचदा तो स्वतः चांगला असतो. बिघडलेलं असतं त्याचं सेटिंग, नाहीतर कनेक्टर. क्लचप्लेट झिजते, कोणीतरी पेडलचा प्ले बदलतो, आणि पेडल स्विचच्या पिनेपर्यंत नीट पोचत नाही. पेडल तळापर्यंत दाबून बघा. कधी कधी तेवढ्यावर गाडी चालू होते. मग चेकनट ढिला करून स्विच थोडा सरकवायचा, संपलं. कनेक्टरचं म्हणाल तर फवारणीचे तुषार त्यात जातात, तांब्यावर हिरवट थर चढतो. वरून प्रेशरने धुणं. शेडमधले उंदीर तर आहेतच!

तपासायचं कसं? चावी बंद. कनेक्टर काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, स्विचच्या दोन पिनांना लावा. दाबा, सोडा. काही स्विच दाबल्यावर जोडतात, काही सोडल्यावर. तेव्हा बीप कधी येतो यापेक्षा दाबल्या-सोडल्यावर तो बदलतो का, हे बघायचं. चार पिना असतील तर त्या दोन वेगळ्या जोड्या असू शकतात. प्रत्येक वेगळी तपासा. वायर हलवताना बीप तुटत असेल तर दोष तिथेच.

सीटच्या स्विचची एक गंमत आहे. पीटीओ चालू ठेवून चालक उठला की इंजिन बंद पडतं, आणि लोक बिघाड समजून दुरुस्तीला आणतात. अहो, त्याचं कामच ते! पीटीओचा शाफ्ट 540 आरपीएमने फिरतो, म्हणजे सेकंदाला 9 फेरे. बाही अडकली तर हात मागे घ्यायला वेळ नसतो. चालक बसलेला असताना खड्ड्यात इंजिन बंद पडत असेल, तर मात्र सीटची स्प्रिंग आणि खालचा कनेक्टर बघा.

एकाने विचारलं, "सर, स्टार्टरवर पकडीने शॉर्ट दिला तर?" नाही द्यायचा. तेव्हा तुम्ही जमिनीवर, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये उभे असता. सगळे स्विच बाजूला पडलेले. गियर पडलेला असेल तर ट्रॅक्टर जागचा हलतो, इंजिन पकडतं आणि मागचं चाक अंगावर येतं. बागेच्या ओळीत बाजूला उडी मारायलाही जागा नसते.

दोष पक्का करायला कनेक्टरमध्ये मिनिटभर वायर जोडायचीच असेल, तर गाडी न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चालक सीटवर. चालू झाली की लगेच बंद करून वायर काढा. नवा स्विच आणताना पार्ट नंबर जुळवा, कारण दाबल्यावर जोडणारा आणि दाबल्यावर तोडणारा हे दोन्ही दिसायला सारखेच असू शकतात.